नकाशा येतो, शंका येत नाही

पुराचा नकाशा काढण्याचा सराव चालू होता. कार्यशाळेचा चौथा दिवस, जेवणानंतरचं सत्र, निम्म्या खोलीचे डोळे जड झालेले. पुराच्या दुसऱ्या दिवशीची उपग्रहाची रडार प्रतिमा उघडायची, उजळपणाच्या एका ठरावीक आकड्याखालचे सगळे पिक्सेल, म्हणजे प्रतिमेतले बारीक चौकोन, पाणी समजायचे, त्यांना निळा रंग द्यायचा आणि क्षेत्रफळ मोजायचं. मागच्या रांगेतल्या एका अधिकारी बाईंनी हात वर केला. त्यांच्या पडद्यावर शहराबाहेर एक निळी पट्टी उमटली होती. तीनेक किलोमीटर लांब, सरळसोट, दोन्ही टोकं सुरीने कापल्यासारखी. "सर, हा कालवा आहे का?"

कालवा कसला, विमानतळाची धावपट्टी होती ती.

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेली रडारची लहर आरशावरून निसटावी तशी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही. म्हणून संथ पाणी प्रतिमेत काळं दिसतं. पण याच कारणाने धावपट्टीही काळी दिसते, कोरडी वाळूही काळी दिसते, आणि उंच डोंगराच्या आडोशाला लहर पोचतच नाही म्हणून तोही भाग काळा. उलट झाडांच्या बुंध्याशी पाणी साचलं असेल तर लहर पाण्यावरून उसळते, खोडावर आपटते आणि थेट उपग्रहाकडे परतते. बुडालेलं रान मग उजळ दिसतं. थोडक्यात, नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवली तर कोरडी धावपट्टी बुडते आणि बुडालेलं रान कोरडं राहतं. पुराआधीची एक प्रतिमा शेजारी ठेवली असती तर धावपट्टी तिथेही काळीच दिसली असती आणि प्रश्न मिटला असता. पण सरावाच्या छापील पायऱ्यांमध्ये ती पायरी नव्हती.

मला खटकलं ते वेगळंच. ती पट्टी खोलीतल्या सगळ्यांच्याच पडद्यावर होती, कारण प्रतिमा सगळ्यांना एकच दिली होती. विचारलं फक्त एकीने. बाकीचे पुढच्या पायरीवर गेले होते आणि त्यांच्या पुराच्या क्षेत्रफळात ती धावपट्टी धरलेली होती. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. ती सरावाची पानं मीच तयार केली होती, तेव्हा दोष कुणावर ढकलायला जागा नाही.

सुदूर संवेदनाच्या, म्हणजे उपग्रहातून किंवा विमानातून जमीन वाचण्याच्या, कार्यशाळा आज उदंड झाल्या आहेत, आणि त्या बहुतेक सार्वजनिक पैशांतून होतात. अवकाश संस्था, विद्यापीठं, शासकीय विभाग, विकासनिधी देणाऱ्या संस्था, सगळ्यांच्या वार्षिक अहवालात 'इतके जण प्रशिक्षित झाले' असा एक आकडा असतो. माझं म्हणणं असं की तो आकडा चुकीच्या गोष्टीचा आहे. नकाशा काढणं आता इतकं सोपं झालं आहे की ते शिकवण्यासाठी माणसं पाच दिवस एका खोलीत कोंडायची गरज उरलेली नाही. शिकवायला हवी ती शंका, म्हणजे आपणच काढलेल्या नकाशाकडे संशयाने पाहण्याची सवय. आणि नेमकी तीच आपल्या वेळापत्रकात कुठे बसत नाही.

हे असं का झालं ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. नेदरलँड्समधली आयटीसी ही संस्था १९५० मध्ये डेल्फ्टला सुरू झाली. ती उभारणारे स्खेरमरहॉर्न हे त्या देशाचे माजी पंतप्रधान. हवाई छायाचित्रांवरून नकाशे करायला जगभरच्या माणसांना शिकवायचं हा तिचा हेतू. तिच्याच सहकार्याने डेहराडूनला १९६६ मध्ये छायाचित्र-वाचनाची संस्था निघाली, जी आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. संस्थेच्या मूळ नावातच 'फोटो-इंटरप्रिटेशन' होतं, म्हणजे छायाचित्र वाचणं, त्याचा अर्थ लावणं. दोन छायाचित्रं शेजारी ठेवून स्टिरिओस्कोपमधून बघायचं, उंचसखलपणा डोळ्यांत भरून घ्यायचा, रेघ मारायची आणि मग त्या जागी जाऊन आपली रेघ बरोबर आहे का ते पाहायचं. काम संथ होतं, पण शंका त्यात आपसूक होती. यंत्र काहीच सांगत नव्हतं. जे सांगायचं ते माणसाने, आणि चुकलं तर माणूसच चुकायचा.

जमिनीच्या प्रतिमा घेणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ ला उडाला. त्यानंतर कितीतरी वर्षं अडचण पैशांची होती. एकेका प्रतिमेला शेकडो डॉलर मोजावे लागत, म्हणून माणसं एकच प्रतिमा विकत घेऊन तिचा चोथा होईपर्यंत अभ्यास करत. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा सगळा साठा फुकट खुला केला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दहा मीटर तपशिलाच्या प्रतिमा आल्या, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरच्या दहा मीटरांचा, त्याही फुकट. मग मोठमोठी संगणकीय व्यासपीठं आली आणि काहीही डाउनलोड न करता चार ओळींच्या कोडमध्ये अख्ख्या देशाचा नकाशा पडद्यावर यायला लागला. ३० जुलै २०२५ ला नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह गेला. जगभरची जमीन दर बारा दिवसांनी रडारने तपासणारा. आता रडारच्या कार्यशाळांची लाट येईल, आणि धावपट्ट्याही बुडतील.

पूर्वी अडत होतं प्रतिमेपाशी, मग अडायला लागलं संगणकापाशी. दोन्ही अडथळे गेले. आता अडतं ते समजेपाशी, आणि प्रशिक्षणाचा साचा मात्र संगणकाच्या काळातलाच राहिला आहे: पहिला दिवस उद्घाटन आणि सिद्धांत, दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर बसवणं, जे दुपारपर्यंत निम्म्या लॅपटॉपांवर बसत नाही, मग दोन दिवस 'इथे क्लिक करा', आणि पाचव्या दिवशी गटाचा फोटो. फोटोतलं बॅनर बहुधा आतल्या कुठल्याही नकाशापेक्षा मोठं असतं.

'इथे क्लिक करा'चं आयुष्य किती असतं, तेही पाहू. युरोपच्या प्रतिमा जिथून घ्यायच्या तो जुना साठा २०२३ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी नवं व्यासपीठ आलं. त्याआधीच्या वर्षांत छापलेल्या सरावपुस्तिकांतले ते पत्ते आज कुठेच उघडत नाहीत. बरं, पत्ता मेला तर निदान लक्षात तरी येतं. खरा घात होतो तो काहीच न मोडता आकडा बदलतो तेव्हा.

त्याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते ते प्रत्येक वर्गात पहिल्या तासाला सांगायला हवं. झाडोरा किती टवटवीत आहे हे मोजण्यासाठी एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक वापरतात. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त (निअर-इन्फ्रारेड) प्रकाश परत फेकतं. दोहोंच्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागायचं, एवढंच गणित. समजा अवरक्त पट्ट्यातला आकडा ३००० आणि तांबड्यातला ५००. वजाबाकी २५००, बेरीज ३५००, उत्तर ०.७१. म्हणजे छान दाट हिरवं रान. आता गंमत बघा. सेंटिनेल-२ च्या प्रतिमांच्या प्रक्रियेत २५ जानेवारी २०२२ पासून एक बदल झाला. फार काळोख्या पृष्ठभागांचे आकडे शून्याखाली जाऊन कापले जाऊ नयेत म्हणून साठवताना प्रत्येक आकड्यात १००० मिळवायला सुरुवात झाली. वापरणाऱ्याने ते आधी वजा करावेत, असं सोबतच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ज्याने ते वाचलं नाही, त्याच्याकडे त्याच रानाचे आकडे येतात ४००० आणि १५००. वजाबाकी तीच, २५००. बेरीज मात्र ५५००. उत्तर ०.४५.

रानातलं पानही हललं नाही आणि निर्देशांक ०.७१ वरून ०.४५ वर आला. २०२१ ची आणि २०२२ ची प्रतिमा शेजारी ठेवून कुणी 'हरित आच्छादनात घट' असा अहवाल केला, तर त्याचं गणित बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, प्रमाणपत्रही खरं, आणि निष्कर्ष साफ खोटा. २०१९ ला शिकलेल्या माणसाला हे कोण सांगणार? कार्यशाळेनंतर त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं. काही व्यासपीठांवर ही दुरुस्ती आधीच करून ठेवलेला साठा मिळतो, पण तो निवडायचा हे कळायलाही असा काही बदल झाला आहे हे माहीत हवं ना.

हा प्रश्न तज्ज्ञांपुरता ठेवून चालणार नाही, कारण हे नकाशे आता भिंतीवर टांगण्यासाठी निघत नाहीत. पिकाचं नुकसान किती, पूररेषा कुठून जाते, जंगल कुणी तोडलं, कुठल्या शहराची हवा बिघडली, असे निर्णय त्यांच्या आधाराने होतात. ज्याचं शेत चुकीच्या पिक्सेलमध्ये पडलं, त्याला कार्यशाळेतल्या गुणवत्तेशी थेट देणंघेणं आहे. आणि उपग्रहाचं चित्र समोर आलं की समोरचा माणूस गप्प होतो, हे मी बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तलाठ्याच्या नोंदीवर भांडणारा माणूस अवकाशातून काढलेल्या चित्रावर भांडत नाही. एवढा दरारा असलेली गोष्ट हाती देताना तिच्या चुका आधी शिकवू नयेत?

शंका शिकवायची म्हणजे काय, असा प्रश्न आयोजक विचारतात, आणि तो रास्त आहे. ती काही वृत्तीवरच्या भाषणाने येत नाही. एक साधा खेळ मी हल्ली वर्गात करतो. एक हजार जागांपैकी दहा ठिकाणी जंगल तुटलंय असं धरा. आता मी एक नकाशा देतो, ज्यात कुठेच काही तुटलेलं नाही, सगळीकडे हिरवंगार. या नकाशाची अचूकता किती? वर्ग हिशेब करतो आणि चपापतो: ९९ टक्के. म्हणजे ज्या कामासाठी नकाशा काढला ते काम त्याने एकदाही केलं नाही, आणि अहवालात मात्र '९९ टक्के अचूक' असं लिहिता येतं. या खेळाला दहा मिनिटं लागतात. त्यानंतर 'एकूण अचूकता' हा शब्द ऐकला की ती माणसं आयुष्यभर कान टवकारतात, असा माझा अनुभव आहे.

शब्दांच्या व्याख्यांचंही तसंच. जगाच्या वृक्षाच्छादनाचा जो नकाशा सर्रास वापरला जातो, त्यात पाच मीटरहून उंच वनस्पतींचं आच्छादन मोजलेलं आहे. त्याला नैसर्गिक जंगल आणि लावलेली निलगिरी यांत फरक करायचा नाही. लागवडीतली तयार झाडं ठरल्या वेळी तोडली की तो 'घट' दाखवतो. नकाशाचं काही चुकलेलं नाही. त्याला 'जंगल' म्हणणारा चुकला. हवेचं बघाल तर त्यासाठी सर्रास वापरला जाणारा उपग्रह नायट्रोजन डायऑक्साइडचं प्रमाण जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या स्तंभात मोजतो, तेही दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमारास. संध्याकाळी रस्त्यावरच्या माणसाच्या नाकात काय जातं, हा प्रश्नच वेगळा.

अंटार्क्टिकावरच्या ओझोनची गोष्ट या बाबतीत मला फार मोलाची वाटते, पण ती बहुतेक वेळा चुकीची सांगितली जाते. मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश संशोधकांनी हॅली इथल्या तळावरच्या जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून दाखवून दिलं की दर वसंतात तिथला ओझोन झपाट्याने घटतो आहे. निम्बस-७ उपग्रह तेव्हा वरून जातच होता आणि त्यालाही ते दिसत होतं. पण १८० डॉबसन एककांखालचे (ओझोन मोजायचं हे एकक) आकडे असंभव वाटून त्यांच्यावर संशयाची खूण पडत होती. 'संगणकाने ते आकडे फेकून दिले' असं जे म्हणतात ते खरं नाही. आकडे शाबूत होते, आणि पुढे त्यांच्यामुळेच ओझोनच्या त्या विवराचा पसारा जगाला दिसला. मुद्दा असा की जमिनीवरच्या एका जुन्या उपकरणाशेजारी वर्षानुवर्षं नोंदी करत बसलेली माणसं नसती, तर ते खूण केलेले आकडे गांभीर्याने घ्यायला आणखी किती वेळ लागला असता कोण जाणे. जमिनीवरची नोंद म्हणजे उपग्रहाला लावलेलं शेपूट नाही. दोघं एकमेकांना पकडतात.

आता माझ्या विरोधातला सर्वात भक्कम मुद्दा. छोट्या कार्यशाळांनी आणि ऑनलाइन वर्गांनी ज्यांच्यापर्यंत हे ज्ञान कधीच पोचलं नसतं त्यांच्यापर्यंत ते पोचवलं. नासाचा आर्सेट हा कार्यक्रम २००९ पासून फुकट शिकवतो आहे, त्याची रेकॉर्डिंग कुणीही कधीही बघू शकतो. भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे दूरशिक्षणाचे वर्गही असेच मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांपर्यंत जातात. मी स्वतः अशाच एका आठवडाभराच्या वर्गातून या विषयात आलो. तेव्हा ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायचा माझा विचार नाही. उलट मी म्हणतो की सिद्धांत आणि सॉफ्टवेअर हे सगळं तिकडेच जाऊ द्या. पडद्यावरची गोष्ट पडद्यावरूनच शिकवावी, हवी तितकी मागेपुढे करून पाहता येते. पण माणसं प्रवास करून, रजा टाकून, एकत्र येतात ते पाच दिवस मग मोकळे होतात, आणि ते बंद खोलीत घालवणं ही उधळपट्टी आहे. ते पायी फिरण्यासाठी वापरावेत. नकाशा हातात, जीपीएस हातात, आणि नकाशा 'जंगल' म्हणतो तिथे खरंच काय आहे ते बघायचं.

एकदा आम्ही तसं केलं. चाळीस ठिपके निवडले होते, दिवसभरात सव्वीस ठिकाणी पोचता आलं. नऊ ठिकाणी नकाशा चुकला होता. जिथे दाट झाडी दाखवली तिथे गवत आणि रानटी झुडपं, जिथे पडीक जमीन दाखवली तिथे नुकतीच नांगरट. संध्याकाळी परत आल्यावर लोक ज्या तावातावाने भांडत होते, की याला झुडुपी म्हणायचं की पडीक, ढगाच्या सावलीने हे झालं का, प्रतिमा कुठल्या महिन्याची होती, तसं भांडण मी चार भिंतींच्या आतल्या कुठल्याही सत्रात ऐकलेलं नाही. 'पण आम्हाला जिथे पोचता आलं नाही ते चौदा ठिपकेच जास्त चुकलेले असले तर?' असं एकाने विचारलं. नमुना कसा निवडावा या विषयावर मी ठेवलेलं दीड तासाचं व्याख्यान त्या एका प्रश्नाने निकामी केलं.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल उघड बोललं जात नाही. शिकलेला माणूस परत जातो ते रिकाम्या खुर्चीवर. कार्यालयात त्याच्याशिवाय कुणाला हे येत नाही, वरिष्ठाला नकाशा उद्या हवा असतो, अचूकतेचा तक्ता नको असतो, आणि दोनेक वर्षांत बदली होऊन तो भलत्याच विभागात जातो. एकट्या माणसाला शिकवणं म्हणजे भोकं पडलेल्या माठात पाणी ओतणं.

याच्या अगदी उलट उदाहरण ब्राझीलचं. तिथली अवकाश संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षी ॲमेझॉनमधली जंगलतोड मोजते. प्रशिक्षित माणसं पडद्यावर प्रतिमा डोळ्यांनी वाचून हे काम करतात, आणि सव्वासहा हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्या मोजणीत धरत नाहीत, हेही ती संस्था उघड सांगते. २००४ पासून तोडीचा जवळजवळ तात्काळ इशारा देणारी दुसरी यंत्रणा आली, आणि तो इशारा कारवाई करणाऱ्या खात्याकडे जाऊ लागला. २००४ मध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर असलेली तोड २०१२ मध्ये ४,५७१ वर आली. त्यात संरक्षित क्षेत्रं, कर्जावरची बंधनं, सोयाबीन व्यापाऱ्यांवरचा दबाव असं बरंच काही होतं. सगळं श्रेय उपग्रहाला देणं भाबडेपणाचं होईल. पण वर्षानुवर्षं तेच काम, त्याच व्याख्येने करणारी पथकं नसती तर बाकीच्यांना धरायला हाताशी काहीच नसतं. २०१९ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हे आकडेच खोटे ठरवले आणि संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्वाओ यांना पद सोडावं लागलं. तरीही आकडे येत राहिले. ते टिकले कारण मागे पद्धत होती, ती छापलेली होती आणि ती समजणारी माणसं एकाहून अधिक होती.

म्हणून एका कार्यालयातून एकाला बोलवू नये, निदान दोघांना बोलवावं, आणि त्यांच्या वरिष्ठाला अर्ध्या दिवसासाठी तरी बसवावं. नकाशा काढायला नव्हे, नकाशाला कोणते प्रश्न विचारायचे ते शिकायला. येणाऱ्याने स्वतःचा प्रश्न आणि स्वतः पायाखाली घातलेली एक जागा घेऊन यावं. आमच्या तयार प्रतिमेवर आमचंच उत्तर काढून दाखवण्यात त्याची कसली परीक्षा? आणि प्रमाणपत्र पाचव्या दिवशी देऊ नये. सहा महिन्यांनी त्याने आपल्या भागाचा नकाशा पाठवावा, सोबत तो कुठे आणि का चुकतो याचा तक्ता जोडावा, आणि तो तक्ता वाचून मग द्यावं. निम्मेच लोक पाठवतील, मला माहीत आहे. अहवालातला आकडा निम्मा होईल. तो निम्मा आकडा मला आजच्या पूर्ण आकड्यापेक्षा खरा वाटतो. निधी देणाऱ्यांनी तो मान्य करायची तयारी दाखवली तरच आयोजक हे करतील, कारण आज त्यांना पैसे डोकी मोजून मिळतात.

खर्चाचं म्हणाल, तर दोन कार्यशाळांऐवजी एकच घेतली की वाहनांचा आणि फेरभेटीचा खर्च निघतो.

हे सगळं मी पुढच्या कार्यशाळेच्या आयोजकांना लिहून कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे. तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस प्रत्यक्ष जागांवर जायला मंजुरी दिली आहे, आणि मी मागितलेल्या चाळीसऐवजी पंधरा ठिपके तपासावेत असं सुचवलं आहे. धावपट्टीचा सराव आता पहिल्याच सत्रात आहे, पुराआधीची प्रतिमा शेजारी ठेवून. प्रमाणपत्रं मात्र पाचव्या दिवशीच द्यायची, कारण समारोपाच्या पाहुण्यांची तारीख आधीच घेतलेली आहे.